डालग्याखालच्या फायली

हे मी सांगायचं नव्हतं. लॅबमधलं लॅबमध्येच ठेवायचं असं आमचं ठरलं होतं, आणि ठरवताना मान हलवणाऱ्यांत मीही होते. पण मी मुळात कमी बोलते. वर्गात हात वर करू का, असा विचार करेपर्यंत दुसरं कोणीतरी उत्तर देऊन खाली बसलेलं असतं. बोलणारी माणसं सांगून मोकळी होतात, न बोलणाऱ्यांकडे किस्से साठत जातात. आमच्या लॅबमध्ये तर वर्षभरात एवढे साठलेत, की आता कुठेतरी ठेवायलाच हवेत.

आधी लॅब कशी आहे ते सांगते. डहाणूहून तलासरीकडे जाताना रस्त्याला लागून आमची शाळा आहे. मी सरावलीहून येते, बरीच मुलं हॉस्टेलला राहतात. कुठल्याशा ऑफिसने नवे कंप्युटर घेतले आणि जुने आम्हाला दिले. ते इतके हळू होते, की चालू होईपर्यंत तास संपायची घंटा व्हायची. मग आमच्या चुरी सरांनी त्यातलं सगळं काढलं आणि लिनक्स टाकलं. चित्रं नाहीत, माउस नाही, नुसता काळा पडदा. हवं ते अक्षरांत लिहायचं आणि एंटर दाबायचं. कंप्युटर पळायला लागले.

फक्त एक होतं. फाइल पुसायची तर आर आणि एम ही दोन अक्षरं लिहायची, पुढे फाइलचं नाव, एंटर. संपलं. फोनवर असते तशी कचऱ्याची टोपली नाही, ‘नक्की का’ नाही, काही नाही. गेली ती गेली.

“एवढ्या मोठ्या कामाला एवढासा शब्द का, सर?” सुनंदाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सुनंदा झरीची, हॉस्टेलला राहते, माझ्या बाकावर बसते.

“ज्यांनी हे बनवलं, त्यांना आपण काय करतोय ते माहीत असायचं,” सर म्हणाले.

“आणि आम्हाला?”

सरांनी फळा पुसायला घेतला.

* * *

पहिला मान वरोरच्या निलेशचा.

प्रत्येकाने आपापल्या गावाची माहिती लिहायची होती आणि सगळ्यांच्या फायली एकाच ठिकाणी ठेवायच्या होत्या. निलेशने होड्यांवर लिहिलं होतं, बोंबील वाळवायच्या काठ्यांवर लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं, की नावाच्या जागी स्टार लिहिला की सगळ्या फायली घेतल्या जातात.

निलेशने आर लिहिला, एम लिहिला, स्टार लिहिला आणि एंटर दाबलं. पूर्ण वर्गाची गावं गेली. होड्या गेल्या, झरीची भातशेती गेली, माझी सरावलीही गेली.

“हे काय केलंस?” सरांनी विचारलं.

“सर, तुम्ही म्हणालात स्टार म्हणजे सगळ्या. मला बघायचं होतं, सगळ्या म्हणजे कोणत्या.”

“मग? बघितल्यास?”

निलेशने खाली वाकून पडद्याकडे नीट पाहिलं. “नाही सर. आता काहीच दिसत नाहीये.”

* * *

हेतलचं वेगळं. हेतल डहाणूची, घरी गुजराती बोलतात, दुकान आहे. तिला कोणी उत्तर दिलं नाही, की आपलं ऐकलंच नाही असं वाटतं.

तिने एक जुनी फाइल पुसली. काळ्या पडद्याची रीत अशी, की काम झालं तर तो गप्प बसतो. बिघडलं तरच बोलतो. हेतल वाट बघत बसली. मग तिने तोच हुकूम पुन्हा दिला, या वेळी बटणं जरा जोरात दाबून. आता पडद्यावर आलं, की अशी फाइलच नाही.

“खोटं बोलतोय हा,” हेतल म्हणाली. “आत्ता तर होती!”

“तूच पुसलीस ना पहिल्यांदा,” मी हळूच म्हणाले.

“मग तेव्हा सांगायला काय झालं याला? आमच्या दुकानातून काही न घेता माणूस गेला, तरी पप्पा त्याला ‘आवजो’, पुन्हा या, म्हणतात. एवढी अख्खी फाइल गेली, निदान आवजो तरी म्हणावं.”

आम्ही हसलो. सुनंदा मात्र हसली नाही. तिने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून घेतलं. ती काय लिहितेय हे मला तेव्हा कळलं नाही.

* * *

आता साफसफाईचा किस्सा, कारण खरी भीती इथून सुरू झाली.

शाळेत मोठे साहेब येणार असले, की आदल्या दिवशी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अंगण झाडायचं, दगडांना चुना लावायचा, कपाटावरचे नकाशे पुसायचे. त्या वेळी लॅबची जबाबदारी नववीच्या लताकडे होती. लता फार टापटीप मुलगी. तिने फरशी पुसली, पंख्याची पाती पुसली, कीबोर्ड उलटे करून झटकले. मग तिच्या मनात आलं, की बाहेरून झालं, आता आतूनही करावं.

स्नेहसंमेलनाचे फोटो एका कंप्युटरमध्ये होते. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. व्हरांड्यात बिननावाच्या चपला राहिल्या की आम्ही काय करतो? उचलून टाकतो. लताने तेच केलं.

साहेब आले. आमच्या हेडसरांनी त्यांना लॅब दाखवली. साहेब म्हणाले, “वा, स्वच्छ आहे.” हेडसर खूश झाले आणि म्हणाले, “आता आमच्या संमेलनाचे फोटो बघा.”

पुढचं मी दाराआडून पाहिलं. हेडसर बराच वेळ पडद्याकडे बघत होते, साहेब हेडसरांकडे बघत होते, आणि लता दोघांच्या मागे उभी राहून अजून कौतुकाची वाट बघत होती.

साहेबांची गाडी गेल्यावर हेडसर परत आले. ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“चुरी, मुलांच्या हातात हे ठेवू नका. अजून एकदा काही गेलं, की लॅबला कुलूप. आठवड्याच्या तासाला तुम्ही चालवा, मुलं बघतील.”

“सर, थोडा वेळ द्या. काहीतरी करतो.”

“सहामाहीनंतर मी स्वतः बघेन.”

माझ्या घरी भावाचा जुना लॅपटॉप आहे. हेतलच्या दुकानात कंप्युटर आहे. सुनंदाकडे फोनसुद्धा नाही. तिला दहावीनंतर कंप्युटरचाच डिप्लोमा करायचाय, आणि मधल्या सुट्टीत लॅबमध्ये जेवढं बसायला मिळतं तेवढंच तिचं शिकणं. त्या दिवशी बाकावर बसून ती एवढंच म्हणाली, “बघून काय येतं? बघून पोहायला येतं का?”

मला उत्तर सहसा घरी गेल्यावर सुचतं.

* * *

चुरी सरांचा पहिला उपाय सोपा होता. पुसण्याआधी कंप्युटरने विचारायचं, ‘खरंच पुसू का?’ हो असेल तर वाय दाबायचा, नाही असेल तर एन. तशी सोय त्यात असतेच, फक्त चालू करावी लागते.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी प्रश्न वाचला. दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी. नंतर बोटंच वाय दाबायला लागली, डोळ्यांना पत्ताही नसायचा.

सरांना शंका आली. त्यांनी कोणाला न सांगता प्रश्न बदलला. आता पुसायला गेलं की पडद्यावर यायचं, ‘मी गाढव आहे का?’

अख्ख्या वर्गाने हो म्हटलं. निलेशने तर तीन फायली पुसल्या, म्हणजे तीनदा म्हटलं.

तास संपताना सरांनी सगळ्यांना सांगितलं आणि चांगलं लाजवलं. मी मान खाली घालून बसले. मग सर घाईघाईने आपल्या टेबलाकडे गेले, घरी जायच्या आधी त्यांना तिथली एक जुनी फाइल पुसायची होती. त्यांनी आर, एम, नाव लिहिलं, एंटर दाबलं आणि लगेच वाय दाबला. मग त्यांचा हात तसाच राहिला.

हेतलने विचारलं, “सर, काय विचारलं त्याने?”

“काही नाही. घंटा झाली, निघा.”

* * *

याच प्रश्नाचा दुसरा किस्सा मला जास्त आवडतो, कारण तो मला अजून नीट सुटलेला नाही.

हॉस्टेलमधली छोटी कविता, सहावीतली, पहिल्यांदाच लॅबमध्ये आली होती. सुनंदाच्या गावची. सरांनी तिला एक फाइल बनवायला लावली आणि मग म्हणाले, “आता पुस.” तिने हुकूम लिहिला. पडद्यावर आलं, ‘खरंच पुसू का?’ कविताने एन दाबला. फाइल तशीच. कविता हाताची घडी घालून बसून राहिली.

“अगं, पुसायचीय ना तुला?” सरांनी विचारलं.

“हो सर.”

“मग नाही का म्हटलंस?”

कविता ओशाळली. सुनंदाच्या कानात काहीतरी बोलली. सुनंदाने सांगितलं, “ती म्हणते, पहिल्यांदा विचारल्यावर नाहीच म्हणायचं असतं. परत विचारलं की मग हो.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरंच होतं. कोणाच्या घरी गेलं आणि ‘चहा घेणार?’ विचारलं, की आपण पहिल्यांदा नकोच म्हणतो. लग्नात वाढणारा आला की ताटावर हात आडवा धरतो. कविता कंप्युटरशी चांगल्या घरच्या मुलीसारखी वागली होती, कंप्युटरलाच आग्रह करता येत नव्हता.

“मग याला दोनदा विचारायला लावू या,” हेतल म्हणाली.

“आमच्याकडे तीनदा विचारतात,” कविता बारीक आवाजात म्हणाली.

चुरी सरांनी खुर्चीत मागे डोकं टेकलं. घाईतला माणूस न वाचता हो म्हणतो, भिडस्त माणूस वाचून नाही म्हणतो. मग विचारायचं तरी कसं? मी त्या दिवशी बसमध्ये याचाच विचार करत होते, आणि माझा थांबा मागे राहिला.

* * *

“विचारायचंच नाही,” असं सुनंदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत.

“म्हणजे?”

“कोंबड्या संध्याकाळी डालग्याखाली झाकतो ना? त्यांना विचारतो का?”

डालगं म्हणजे बांबूची मोठी गोल टोपली, ती कोंबड्यांवर पालथी घालतात. सुनंदाचं म्हणणं असं, की आर आणि एम लिहिल्यावर फाइल मारायचीच नाही, बाजूला नेऊन झाकून ठेवायची. पुसणाऱ्याला वाटेल गेली. लागली की डालगं उचलायचं.

सरांनी सुरुवातीच्या ओळी लिहून दिल्या, बाकी तिने लिहिलं. डालगं हेच नाव ठेवलं. आणि फाइल झाकली गेली, की पडद्यावर एक शब्द यायचा: आवजो. हेतलने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती इतकी खूश झाली, की तिने उगाचच चांगल्या चांगल्या फायली पुसल्या.

पण पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. निम्म्या मुलांच्या फाइलचं नाव ‘अभ्यास’ होतं. निलेशचा अभ्यास डालग्याखाली गेला, मग लताचा गेला. उचलून पाहिलं तर एकच अभ्यास. लताचा. निलेशचा कुठेच नाही.

सर म्हणाले, “एकाच नावाची दुसरी आली की ती पहिलीच्या जागी बसते.”

“दोन कोंबडे एका डालग्यात ठेवले तर असंच होतं,” सुनंदा म्हणाली आणि लगेच कामाला लागली. आता प्रत्येक फाइलच्या नावापुढे पुसल्याची तारीख आणि वेळ लागते.

निलेश हळूच मला म्हणाला, “कोणाला सांगू नको, पण मी अभ्यास केलाच नव्हता. रिकामी फाइल होती.” हे हेडसरांपर्यंत गेलं नाही हे आमचं नशीब. रिकामी असली तरी एक फाइल गेलीच होती.

* * *

डालग्यातून कधीच काही बाहेर पडलं नाही, तर एक दिवस कंप्युटर भरणार. भरलाच. हेतल जागा करायला फायली पुसत होती आणि जागा तेवढीच राहत होती.

“आपण कचरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत टाकतोय,” ती म्हणाली.

तेव्हा ठरलं, की खरोखर पुसायलाही एक वाट हवी, पण ती चढणीची हवी. हो-नाही चालणार नाही. ज्याला फाइल कायमची घालवायचीय त्याने डालग्यातून तिचं पूर्ण नाव, तारखेसकट, स्वतः लिहायचं. एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. आणि एंटर ज्याची फाइल त्यानेच दाबायचं, दुसऱ्याने नाही. हा शेवटचा नियम कंप्युटरला कळत नाही, म्हणून तो आम्ही भिंतीवर लावला.

गंमत अशी, की मुलं यायची, नाव लिहायला लागायची आणि अर्ध्यावर म्हणायची, “जाऊ दे, राहू दे.” लताने तर एकदा नाव लिहिता लिहिता मध्येच विचारलं, “अरे, हा तर माझा भूगोलाचा प्रोजेक्ट ना?” तो लिहिलाही तिनेच होता आणि पुसायला काढलाही तिनेच.

“नाव घेतलं की ओळख लागते,” चुरी सर म्हणाले. मग त्यांनी ते भिंतीवर लावायला सांगितलं, पण भिंतीवर जागा नव्हती.

* * *

सहामाही झाली. हेडसर आले. त्यांच्या हातात नवं कुलूप होतं, किल्ली अजून दोऱ्याने त्यालाच बांधलेली. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. सुनंदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

“ज्याने जन्मात कंप्युटरला हात लावला नाही, असं माणूस आणा,” हेडसर म्हणाले.

लक्ष्मीमावशींना आणलं. त्या शाळेची खिचडी करतात. पदराला हात पुसत आल्या.

“मला काय येत नाय, सर.”

“म्हणूनच बोलावलं. ही पोरगी सांगेल तसं करा.”

सुनंदाने त्यांना आर आणि एम दाखवले, नाव कसं लिहायचं ते दाखवलं. “यातली कोणतीही एक पुसा, मावशी.”

मावशींनी एक पुसली. पडद्यावर ‘आवजो’ आलं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. मावशी हसल्या. मग त्यांनी दुसरी पुसली. मग तिसरी. एकेक अक्षर शोधत, जीभ दातात धरून, त्या खाली खाली जात राहिल्या.

“बस मावशी, एकच हवी होती,” सर म्हणाले.

“एक कशी? भांडी घासायला घेतली की सगळीच घासायची. अर्धी ठेवली तर मुंग्या लागतात.”

शेवटी पडदा लख्ख झाला. मावशी उठल्या, मागे वळून एकदा पाहिलं, खात्री केली आणि खिचडी खाली लागेल म्हणून गेल्या.

हेडसर सुनंदाकडे बघत होते. सुनंदाने डालगं उचललं. एकामागून एक सगळ्या फायली परत आल्या. हेतलने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडीचा वळ उठला.

“बरं,” हेडसर म्हणाले. “आणि ह्या टोपलीत अजून काय काय आहे?”

“पावसाळ्यापासून जे जे कोणी पुसलं ते सगळं, सर. ऑफिसचंसुद्धा. तो कंप्युटर यालाच जोडलाय.”

तिने यादी दाखवली. हेडसरांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आले. एका ओळीवर बोट थांबलं. ते तिथे जरा जास्तच वेळ राहिलं.

“उद्या सांगतो,” ते म्हणाले आणि गेले. कुलूप टेबलावरच राहिलं.

सुनंदा त्या दिवशी जेवली नाही. “सगळ्या परत आल्या ना? मग उद्या काय सांगायचंय?” ती मला विचारत राहिली. मलाही तेच कळत नव्हतं.

* * *

हा शेवटचा किस्सा. हा फक्त माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी एकटीच लॅबमध्ये होते. सुनंदा आणि हेतल जेवायला गेल्या होत्या, चुरी सर तालुक्याला. दारात हेडसर.

“बाकीच्या कुठे आहेत?”

मी बाहेर बोट दाखवलं.

“तुला येतं ना हे?”

मी मान हलवली. ते ऑफिसला जोडलेल्या कंप्युटरसमोर बसले. कुलूप आमच्या दोघांच्या मध्ये होतं.

“त्या यादीत एक फाइल आहे, माझी स्वतःची, शाळेची नाही. चुरींनी ऑफिसात लावलेला हुकमांचा कागद वाचून मीच पुसली होती. गेली असं समजून इतके दिवस चाललो होतो.” मग म्हणाले, “कायमची घालवता येते का?”

येते म्हटलं आणि उद्या कोणी म्हणालं फाइल गेली, तर कुलूप. येत नाही म्हटलं तर खोटं, आणि तरीही कदाचित कुलूपच. मी सुनंदाला विचारू शकले असते, पण ती नव्हती.

“येते सर,” मी म्हणाले. “पूर्ण नाव लिहावं लागतं.”

ते एका बोटाने लिहायला लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, मैदानात ताटं धुवायची रांग लागली होती. नाव लांबलचक असावं. एकदा चुकलं, त्यांनी पहिल्यापासून लिहिलं. मग आवाज थांबला.

“हे तू दाब.”

मी मान हलवून नाही म्हटलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यामुळे मला बोलावंच लागलं. “सर, ज्याची फाइल त्यानेच दाबायचं. सगळ्यांना तोच नियम आहे.”

हेडसरांशी मी बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य. मला वाटलं आता ते रागावतील. ते रागावले नाहीत. पडद्याकडे बघत म्हणाले, “पहिल्यांदा पुसली तेव्हा मला कोणी काही विचारलंच नव्हतं.”

घंटा होईपर्यंत ते तसेच बसले. मग लिहिलेलं नाव एकेक अक्षर मागे घेत काढून टाकलं, उठले, आणि टेबलावरचं कुलूप खिशात घातलं.

“उद्या येतो. खोली उघडी असू दे.”

तेव्हापासून लॅब उघडी आहे. सुनंदा मधल्या सुट्टीत येते आणि तिच्या कंप्युटरवर बसते. हेडसर येतात आणि त्या कोपऱ्यातल्या कंप्युटरवर बसतात. नाव लिहितात, बघत राहतात, नाव काढून टाकतात, जातात. सुनंदाने मला एकदा विचारलं, “हेडसर काय शिकतायत गं?”

“टायपिंग,” मी म्हणाले.

“सुधारत नाहीये फार.”

काल मात्र नाव लिहून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आज दाबणार. ते हळू आवाजात म्हणाले, “डालग्यातून वर आणायची असेल तर काय लिहायचं?”

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, आणि या वेळी एंटर दाबताना थांबले नाहीत. फाइल वर आली. त्यांनी ती उघडली. मी खिडकीकडे तोंड करणारच होते, खरंच करणार होते, पण पडदा काळा आणि अक्षरं पांढरी, आणि माझी नजर आधीच…

आई हाक मारतेय, वाळत घातलेले चिकूचे काप आत घ्यायचेत. आले म्हटलं तरी ती परत हाक मारणार, म्हणून एवढंच लिहून उठते, की त्या फाइलची पहिली ओळ अशी होती, की…